मॅनेजमेंट कॉलेजातले पहिले दिवस
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही एरवी लागण, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. गेली दोन-तीन वर्षे कोणत्याही गट ऑफिसवर गेलो की एक प्रश्न हटकून कानी येतो. "साहेब, पोरगं एमबीए करायचं म्हणतंय. तिथं नेमकं काय शिकवत्यात? धंदा करायला कुठं कॉलेज लागतं व्हय?" ऐकणारे हसतात, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्यामागे उसाचे बिल आहे, सोसायटीचे कर्ज आहे आणि घरातल्या एका पोराची किंवा पोरीची उमेदीची दोन वर्षे आहेत.

आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाची मुलगी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी पदवीधर झाली. पुढे अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत, म्हणजे लोक ज्याला 'आयआयएम' म्हणतात तेथे, अन्न व कृषिव्यवसाय व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला. सुट्टीत घरी आली असता आम्ही तिच्याकडून पहिल्या महिन्याची हकीकत सविस्तर ऐकून घेतली. "लिहा, पण नाव छापू नका, साहेब," एवढी एकच अट तिने घातली. तेव्हा तिला आम्ही 'मुलगी' म्हणू आणि तिच्या वडिलांना 'आप्पा'.

संस्था कोणती, कशासाठी काढली

ही संस्था १९६१ साली स्थापन झाली. केंद्र सरकार, गुजरात सरकार आणि अहमदाबादचे उद्योगपती असे तिघे त्यासाठी एकत्र आले. शास्त्रज्ञ विक्रम साराभाई आणि गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांचा त्यात मोठा पुढाकार होता. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचे सहकार्य सुरुवातीच्या काळात घेण्यात आले. दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाची पहिली तुकडी १९६४ साली सुरू झाली. आधी येथे पदविका मिळे. २०१७ च्या कायद्यानंतर या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार आला. कृषिव्यवसायाचा स्वतंत्र अभ्यासक्रम २००० साली सुरू झाला. त्यातली मुले पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय मुख्य एमबीएच्या मुलांबरोबरच शिकतात, म्हणजे शेतीची मुले म्हणून सवलत नाही.

इमारती विटांच्या आहेत आणि त्यांना गिलावा नाही. भिंतींना भल्यामोठ्या गोल कमानी. अमेरिकन वास्तुशिल्पी लुई कान यांनी त्यांचा आराखडा केला. त्या कामी त्यांच्या सोबत होते बाळकृष्ण दोशी, जे मूळ आपल्या पुण्याचे. मुलगी जूनअखेरीस आप्पांबरोबर तेथे पोहोचली, तेव्हा आप्पा भिंतीवरून हात फिरवून म्हणाले होते, "आपल्याकडं गिलाव्याला पैसं नसत्यात म्हणून असं ठेवत्यात. हितं मुद्दाम ठेवलंय की!"

पहिला दिवस

वसतिगृहात एक खोली मिळाली. तेथे खाट, टेबल, खुर्ची, कपाट. आप्पा संध्याकाळच्या गाडीने परतले. त्याच रात्री हातात वेळापत्रक आणि वाचायच्या कागदांचा गठ्ठा आला. मुलीला वाटले, हे महिनाभराचे असेल. शेजारच्या खोलीतली तामिळ मुलगी म्हणाली, हे उद्या आणि परवाचे.

वर्ग अर्धगोलाकार, पायऱ्यापायऱ्यांचा. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि समोर नावाची पाटी, म्हणजे पाठीमागे बसून दडायची सोय नाही. मास्तर फळ्याजवळ उभे राहून व्याख्यान देत नाहीत. ते आत येतात, एखाद्याच्या पाटीकडे बघतात आणि विचारतात, "तुम्ही या कंपनीचे मॅनेजर आहात. सोमवारी सकाळी काय कराल?" ज्याच्यावर पाळी येईल त्याने बोलायचे. वर्गात काय बोललात यालाही काही विषयांत गुण असतात.

शाळेपासून कृषी पदवीपर्यंत मुलीला सवय होती ती मास्तरांनी सांगायचे, आपण उतरवून घ्यायचे आणि परीक्षेत तेच लिहायचे, याची. इथे वहीत उतरवायला काही हातीच लागेना. तास संपला तरी 'बरोबर उत्तर' कोणी सांगितले नाही. पहिले तीन दिवस तिला वाटत होते की मास्तर उत्तर विसरले असावेत.

केस म्हणजे काय

आपल्याकडे केस म्हटले की कोर्टाची आठवण होते, आणि ती अगदीच गैर नाही. अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी जुने निकाल वाचून, त्यावर वाद घालून शिकत. हार्वर्डचे बिझनेस स्कूल १९०८ साली निघाले आणि १९२० नंतरच्या काळात त्यांनी ही पद्धत धंद्याच्या शिक्षणात आणली. फरक एवढाच की निकालाऐवजी एखाद्या कंपनीची खरी हकीकत द्यायची: माल काय, खर्च किती, कर्ज किती, कामगारांची तक्रार काय, स्पर्धक कोण. दहा-वीस पाने हकीकत आणि मागे आकड्यांचे तक्ते. शेवटी प्रश्न टांगता ठेवायचा. कारखाना वाढवायचा की नाही? भाव कमी करायचा की नाही?

आपण बांधावर बसून हेच करतो. शेजाऱ्याचा प्लॉट पिवळा पडला की एकजण म्हणतो पाणी जास्त झाले, दुसरा म्हणतो नत्र कमी पडले, तिसरा म्हणतो बेणेच खराब होते. तिघांनी आपापली कारणे मांडायची आणि मग काय करायचे ते ठरवायचे. फक्त त्या वर्गात 'मला वाटतं' एवढ्यावर सुटका होत नाही. आकडा दाखवावा लागतो.

अशा दिवसाला दोन-तीन केस. शिवाय हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र यांची पुस्तके वेगळी. सकाळी नाश्त्याला जायचे, तास करायचे, जेवायचे, आणि दुपारी अचानक नोटीस लागते की आज चाचणी आहे. कोणत्या विषयाची, ते त्या नोटिशीवरच कळते. रात्री गटाने बसून दुसऱ्या दिवशीच्या केस वाचायच्या. झोपायला दोन वाजत. घरी पहाटे पाचला उठणारी मुलगी पहाटे दोनला झोपू लागली.

नववा दिवस

पहिली चाचणी हिशेबाची झाली. आपल्या मुलीने घरचे पीककर्जाचे हिशेब बारावीपासून सांभाळले आहेत. पण जमा-खर्च वेगळा आणि ताळेबंद वेगळा. घसारा म्हणजे ज्यात पैसा हातातून जात नाही, तरी खर्च म्हणून लिहायचा. तिने तो गाळला. तिथे गुण इतरांच्या मानाने ठरतात. तुम्ही किती सोडवलेत, यापेक्षा वर्गातल्या इतरांपुढे तुम्ही कोठे आहात, ते बघतात. वर्गात इंजिनिअर पुष्कळ, काही चार्टर्ड अकाउंटंट, कित्येक नोकरी करून आलेले. मुलगी यादीत अगदी खाली आली.

तिच्या आयुष्यात असे कधी झाले नव्हते. गावच्या शाळेत पहिली, तालुक्यात पहिली, कृषी महाविद्यालयात पहिल्या पाचांत. नवव्या दिवशी रात्री तिने घरी फोन केला आणि म्हणाली, "आप्पा, मला न्यायला या. हे माझं काम नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या ऑफिसात आले. अडसाली लागणीचे दिवस होते. ते आले होते नोंदीच्या निमित्ताने, पण नोंदीचा कागद तसाच हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "साहेब, आज रातच्या गाडीनं जातो आन् पोरीला घेऊन येतो. बँकेचं कर्ज फिरवून दिऊ. पोरगी रडायला लागली तर पैसं काय करायचं?"

आम्ही विचारले, "आप्पा, तुमच्या प्लॉटची लागण होऊन किती दिवस झाले?"

"आज आठ दिस."

"उगवण किती झाली?"

"आठ दिसांत कुठं उगवण दिसती साहेब? महिना-दीड महिना लागतोय की."

"मग टिपरी उकरून बघितली का, डोळा फुटलाय का नाही ते?"

आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "टिपरी काय फोन करून रडत नाही, साहेब."

त्यांचे म्हणणे खरे होते, म्हणून आम्ही उपदेश थांबवला. उसाचे पोटच्या पोरीला तंतोतंत लागू होत नाही. आम्ही इतकेच सुचवले की न्यायला जाऊ नका, पण भेटायला जरूर जा. आणायचे की ठेवायचे, हे तिने उगवणीच्या मुदतीनंतर, म्हणजे महिना-दीड महिन्याने ठरवावे. तोवर परतीचे दार उघडे आहे, एवढे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा. आप्पा गेले, एक दिवस राहिले, घरच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी देऊन आले. "सव्वा महिना बघ. मग तू म्हणशील तसं," एवढेच बोलले, असे मुलगी सांगते. ती म्हणाली, "राहाच, असं आप्पा म्हणाले असते तर मी दुसऱ्या दिवशी निघून आले असते."

नांग्या कशा भरल्या

उगवण विरळ झाली तर आपण हातावर हात धरून बसत नाही, रोपे लावून नांग्या भरतो. मुलीने तेच केले. तिच्या अभ्यासगटात एक इंजिनिअर मुलगा होता, ज्याला संख्याशास्त्र सहज येई. पण शेतमालाच्या केसमध्ये 'आडत' म्हणजे काय आणि 'हंगाम' संपला की यंत्र रिकामे का राहते, हे त्याला उमगत नसे. मुलगी त्याला बाजार समिती समजावू लागली आणि तो तिला संभाव्यतेची गणिते. चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या मुलीने एका रविवारी तिला ताळेबंद शिकवला. तिने उदाहरण म्हणून आपल्या कारखान्याचा वार्षिक अहवाल घेतला, जो आप्पांनी कपडे गुंडाळायला म्हणून पेटीत घातला होता! सभासदहो, आपण दरसाल सर्वसाधारण सभेला तो अहवाल हाती घेतो, लाभांशाचे पान बघतो आणि घडी घालतो. त्यात किती शिकण्यासारखे असते, हे अहमदाबादेत कळले.

ज्या दिवशी ती बोलली

चौथ्या आठवड्यात एका फळप्रक्रिया कारखान्याची केस होती. कारखाना निम्म्या क्षमतेने चाले आणि तोटा होई. वर्गातल्या बहुतेकांनी एकच उपाय सुचवला: शेतकऱ्याला द्यायचा भाव कमी करा, म्हणजे खर्च कमी होईल. मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "भाव कमी केला तर पुढच्या वर्षी माल निम्म्याचा पाव होईल."

"कशावरून?" मास्तरांनी विचारले.

तिने सांगितले की एका साली बिल लांबले, तेव्हा माझ्या वडिलांनी दोन एकर ऊस गुऱ्हाळाला घातला होता. वर्गात हशा झाला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी विचारले, "त्याने तुमच्या वडिलांचा फायदा किती झाला आणि कारखान्याचे नुकसान किती झाले? मांडून दाखवा." तिला लगेच मांडता आले नाही. गटाने रात्री बसून मांडले. तो हिशेब आपणा सर्वांच्या कामाचा आहे, म्हणून समजुतीपुरते गोल आकडे धरून येथे देतो.

समजा, एक कारखाना रोज २,५०० टन ऊस गाळतो. हंगाम १५० दिवस चालला तर गाळप झाले ३,७५,००० टन. कायम कामगारांचे पगार, कर्जाचे व्याज, घसारा, विमा, बिगरहंगामातली दुरुस्ती हा खर्च ऊस कमी येवो वा जास्त, बदलत नाही. तो धरा ३० कोटी रुपये. म्हणजे टनामागे ८०० रुपये. आता ऊस बाहेर गेला आणि हंगाम १०० दिवसांतच आटोपला, तर गाळप २,५०,००० टन. तेच ३० कोटी आता टनामागे १,२०० रुपये पडतात. टनामागे ४०० रुपये गेले, ना कोणी चोरले ना कोणी खाल्ले.

आप्पांचा दोन एकरांचा ऊस १०० टन धरला, तर तो ८०,००० रुपयांचा बोजा उचलणार होता. तो बोजा बाकीच्या सभासदांच्या उसावर गेला.

ही झाली एक बाजू. मुलीने दुसरी बाजूही मांडली, आणि ती आमच्यासारख्या कारखान्याच्या नोकरांनी नीट ऐकावी अशी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते. न दिल्यास सालाना १५ टक्के व्याज देणे लागते. १०० टनांचे बिल ३,००० रुपये दराने ३ लाख होते. ते मुदतीनंतर आणखी ६० दिवस रखडले, तर व्याजच सुमारे ७,४०० रुपये झाले. शेतकरी तिकडे पीककर्जाचे व्याज भरतोच आहे. मग त्याने रोख पैसे देणाऱ्या गुऱ्हाळाकडे बघितले, तर त्याला बेइमान म्हणून भागेल का?

दोन्ही हिशेब एकाच कागदावर, शेजारी शेजारी मांडायचे, मग बोलायचे. मुलगी म्हणते, मॅनेजमेंट म्हणजे काय हे तिला त्या रात्री प्रथम कळले. सव्वा महिना उलटला, तेव्हा आप्पांनी फोनवर विचारले, "मग, काय ठरलं?" ती म्हणाली, "आप्पा, उद्या चाचणी आहे, नंतर बोलू." ते नंतरचे बोलणे आजतागायत झालेले नाही.

आपल्या घरी असे मूल असेल तर

अहमदाबाद ही एकच जागा नव्हे. पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे आणि तेथे कृषिव्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. गुजरातेत आणंद येथे डॉ. वर्गीस कुरियन यांनी १९७९ साली ग्रामीण व्यवस्थापन संस्था काढली, ती शेतकऱ्यांच्या संस्थांना शिकलेले व्यवस्थापक मिळावेत म्हणूनच. तेथील मुलांना शिक्षणाचा भाग म्हणून काही आठवडे खेड्यात राहावे लागते. २०२५ साली संसदेने कायदा करून या संस्थेला त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचे रूप दिले. अमूलची पायाभरणी करणाऱ्या त्रिभुवनदास पटेल यांचे नाव त्याला आहे.

आयआयएमसाठी 'कॅट' ही परीक्षा द्यावी लागते. ती साधारणतः नोव्हेंबरात असते. तीत इंग्रजी उताऱ्यांचे आकलन, तक्ते व तर्क आणि गणित असे तीन भाग असतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने इंग्रजीचे भय बाळगू नये, पण रोज एक तास इंग्रजी वाचन पदवीच्या पहिल्या वर्षापासून ठेवावे. मुलीचे म्हणणे असे की व्याकरण चुकले तरी वर्गात कोणी हसत नाही, आकडा चुकला तर मात्र लगेच पकडतात.

खर्च मोठा आहे, लाखांत जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र जमीन गहाण टाकण्याची घाई कोणी करू नये. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तीत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदार न मागता शैक्षणिक कर्ज देण्याची तरतूद आहे. अहमदाबादसारख्या संस्था कुटुंबाचे उत्पन्न पाहून शिष्यवृत्तीही देतात. अर्ज मुदतीत करावा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. दाखल्यापायी मुदत हुकल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

आणि पहिल्या महिन्यात घरच्यांनी रोज फोन करून "किती मार्क पडले?" असे विचारू नये. जेवलीस का, झोपलीस का, एवढे विचारावे.

परत येतील का?

हा प्रश्न सभासद आम्हाला सर्वांत शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. खरे सांगायचे तर सगळी येणार नाहीत. मोठ्या कंपन्या देतात तो पगार सहकारी संस्थेला परवडत नाही, आणि कर्जाचा हप्ता तर फेडायचा असतो. पण १९४८ साली प्रवरेला सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे राहिले आणि कारखान्याचे अध्यक्ष झाले. शेतकऱ्याची जिद्द आणि शिकलेल्या माणसाचा हिशेब एकत्र आला, म्हणून ते काम तडीस गेले. आज तो हिशेब शिकलेले मूल बाहेरून बोलवायचे कारण नाही. ते आपल्याच गटात, आपल्याच बांधावर वाढते आहे. त्याला परत यावेसे वाटेल असे काम आपल्या संस्थेत असावे, ही जबाबदारी मात्र आपली, म्हणजे सभासदांची, संचालकांची आणि आम्हा नोकरांचीही.

मुलीला आम्ही विचारले, तू काय करणार? ती म्हणाली, "आधी पाच वर्षं कर्ज फेडते. मग बघू. तोवर वार्षिक अहवाल मला दरसाल पाठवत जा." आप्पांनी ते काम स्वतःकडे घेतले आहे. यंदाच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी उठून टनामागचा स्थिर खर्च किती, असा प्रश्न विचारला, हे उपस्थितांना स्मरत असेलच. त्यांचा दोन्ही प्लॉटांचा ऊस या हंगामासाठी आपल्याकडे नोंदला आहे.

ज्या सभासदांची मुले-मुली कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात असतील त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. मुलगी पुढच्या सुट्टीत आली की सर्वांना एकत्र बसवून तिच्याशी बोलणे घडवून आणू. प्रश्न आधी लिहून आणावेत.